कामगार, समाजवादी आणि जॅक लंडन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅक लंडन म्हणजे तोच ना, कुत्र्या-लांडग्यांच्या गोष्टींचा?

तोच. अलास्काकडच्या बर्फात घरचा कुत्रा रानटी होतो ती १९०३ची गोष्ट त्याचीच. शाळेच्या वाचनालयात ती हमखास सापडते. त्याच माणसाने राजकीय निबंधांची दोन पुस्तकं लिहिली, समाजवादी पक्षातर्फे दोनदा महापौरपदाची निवडणूक लढवली आणि 'क्रांतीसाठी तुमचा' अशी सही करून पत्रं पाठवली, हे मात्र बहुतेकांच्या कानावर आलेलं नसतं.

एक सोय करून घेऊ. लंडन हे शहरही आहे, आणि या पानावर त्या शहराचाही विषय निघणार आहे. म्हणून माणसाला नुसतं जॅक म्हणतो.

तो समाजवादी झाला कसा? मार्क्स वाचून?

वाचलं नंतर. आधी अंगावर आलं.

जन्म १८७६चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. घरची ओढाताण. कोवळ्या वयातच तो ओकलंडच्या एका डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात लागला, तासाला १० सेंट. पुढे तागाच्या गिरणीतही तेवढेच, तासाला १० सेंट. तिथून तो ट्रामला वीज पुरवणाऱ्या कंपनीत गेला. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. साहेब म्हणाला, खालपासून सुरुवात कर, आणि हातात कोळशाचं फावडं दिलं. पगार महिन्याला ३० डॉलर. मनगटं सुजली तरी पोरगा इमाने इतबारे कोळसा ओढत राहिला. मग भट्टीवरच्या एका फायरमनने त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. हे काम आधी दोन माणसं करायची, प्रत्येकी ४० डॉलरवर. म्हणजे इलेक्ट्रिशियन वगैरे काही घडत नव्हता. कंपनीचे महिन्याला ५० डॉलर वाचत होते, एवढंच.

हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९४ साली मंदीने बेकार झालेल्यांचे जथे वॉशिंग्टनकडे निघाले. त्यातल्या केलीच्या 'सेने'त जॅक सामील झाला, मिसिसिपीकाठच्या हॅनिबलला ती सोडून निघाला आणि मालगाड्यांवर लटकत पूर्वेकडे भटकला. नायगाऱ्याला धबधबा पाहायला गेला तो भटकेगिरीच्या आरोपाखाली पकडला गेला. न्यायाधीश दर माणसाला पंधरा सेकंद आणि तीस दिवस, या दराने शिक्षा वाटत होता, असं त्याने लिहिलंय. बोलायला तोंड उघडलं तर गप्प बसवलं. ३० दिवस बफेलोजवळच्या तुरुंगात काढले.

रस्त्यावर आणि तुरुंगात त्याला भेटलेली माणसं एकेकाळी त्याच्यासारखीच धडधाकट होती. खलाशी, मजूर, कारागीर. एखादा अपघात, एखादं आजारपण, नुसतं वय, आणि माणूस खड्ड्यात. आपण समाजवादी कसे झालो यावरच्या १९०३च्या निबंधात तो सरळ सांगतो की त्या खड्ड्याच्या भिंती आपल्याभोवती चढताना दिसल्या आणि आपण खाली घसरत चाललोय असं वाटलं, त्या दिवशी जे पटलं तितकं नंतर कुठल्याही अर्थशास्त्रीय युक्तिवादाने पटलं नाही. माझ्या मते जॅकचं सगळं राजकारण या एका भीतीतून निघालंय, त्यातलं चांगलं आणि वाईटही.

तुरुंगातल्या पावाची गोष्ट काय आहे?

'द रोड' या १९०७च्या आठवणींमध्ये ती आहे, आणि तिच्यापुढे मला त्याचे निम्मे निबंध फिके वाटतात.

एका ओळखीच्या कैद्याच्या वशिल्याने जॅक तुरुंगात 'हॉलमन' झाला, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डरसारखा, कैद्यांतूनच नेमलेला. असे तेरा जण, आणि त्यांच्या ताब्यात पाचशे कैदी. पाव वाटायचं काम या तेरांचं. वाटताना ते थोडा पाव मागे ठेवायचे. मग ज्याला जास्त भूक त्याला तो पाव तंबाखूच्या बदल्यात विकायचे, आणि तंबाखूच्या बदल्यात आणखी काही. कुणी कुरकुर केली की मार. जॅक म्हणतो, बाहेरच्या जगातले धनी जे करतात तेच आम्ही आत करत होतो. अन्नाचा पुरवठा आमच्या मुठीत होता.

नोंद घ्या, तो स्वतःला पीडितांत धरत नाही. 'आम्ही' म्हणतो.

त्या काळच्या अमेरिकेत समाजवादी चळवळ म्हणजे नेमकं काय होतं?

एकसंध काही नव्हतं. शिकागोत १८८६च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी संप झाले, ४ तारखेला हेमार्केटमध्ये बॉम्ब फुटला, चौघांना फाशी झाली. आपला १ मेचा कामगार दिन त्या आंदोलनातून आलेला. त्याच वर्षी अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर उभी राहिली. तिचं धोरण सरळ होतं, कुशल कामगारांना संघटित करा, पगार आणि तास यावर भांडा, क्रांतीबिंतीच्या फंदात पडू नका. १८९४ला पुलमनचा रेल्वे संप केंद्र सरकारने लष्कर घालून मोडला. युजीन डेब्ज हा त्या रेल्वे युनियनचा पुढारी तुरुंगात गेला आणि पुढे समाजवादी म्हणून पुढे आला.

पक्षांत सगळ्यात जुना सोशलिस्ट लेबर पार्टी. डॅनियल डी लिऑनच्या शिस्तीत चालणारा, तत्त्वाला पक्का आणि माणसं जोडायला कच्चा. जॅक १८९६च्या एप्रिलमध्ये यात शिरला. १९०१मध्ये डेब्ज आणि मंडळींनी सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिका काढली, तेव्हा जॅकही तिकडे आला. १९०५ला शिकागोतच आयडब्ल्यूडब्ल्यू, म्हणजे 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' ही कामगार संघटना निघाली, लोक त्यांना 'वॉब्ली' म्हणत. बिनकुशल, स्थलांतरित, बाई-पुरुष, गोरा-काळा, सगळ्यांची एकच मोठी युनियन हा त्यांचा आग्रह.

ही चळवळ किरकोळ होती असं समजू नका. १९१२ला डेब्जला राष्ट्राध्यक्षपदासाठी नऊ लाखांवर मतं पडली, जवळजवळ सहा टक्के.

जॅक निवडून आला का?

छे. ओकलंडच्या महापौरपदासाठी १९०१ला २४५ मतं, १९०५ला ९८१. दुसऱ्या खेपेपर्यंत तो जगप्रसिद्ध लेखक झालेला होता, तरी हजार गाठता आलं नाही. त्याआधी १८९७मध्ये परवानगी न काढता चौकात भाषण केलं म्हणून अटक झाली होती, त्यातून तो सुटला. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'पोरगा समाजवादी' ठेवलं होतं.

त्याचं राजकीय लेखन म्हणून नेमकं काय वाचायचं?

निबंधसंग्रह दोन. 'वॉर ऑफ द क्लासेस' १९०५चा आणि 'रेव्होल्यूशन' १९१०चा. दोन्हींची भाषा फर्डी, भाषणाची. 'क्रांती' या निबंधाची सुरुवातच एका पत्राने होते. ॲरिझोनातल्या अनोळखी माणसाचं पत्र, 'प्रिय कॉम्रेड' असा मायना. मग आकडे सुरू. जगभर असे सत्तर लाख लोक एकमेकांना कॉम्रेड म्हणतायत, हा तुमच्या दाराशी आलेला लोंढा आहे, असा सूर. आज वाचताना आकड्यांचा हा जोश थोडा केविलवाणा वाटतो.

या दोन संग्रहांतला टिकाऊ निबंध मला 'द स्कॅब' वाटतो, म्हणजे 'संपफोड्या'. १९०४च्या जानेवारीत तो 'अटलांटिक मंथली'त आला, जे मासिक वाचणारे संपवाल्यांच्या बाजूचे अजिबात नव्हते. शिव्याशाप सोडून जॅक तिथे व्याख्या करतो. तेवढ्याच दामात जो जास्त देतो, जास्त तास, जास्त ताकद, तो संपफोड्या. मग ही व्याख्या तो सगळीकडे लावत सुटतो. शेजाऱ्यापेक्षा स्वस्त विकणारा दुकानदार, दुसऱ्या देशाचा बाजार मारणारा देश, एकमेकांचे दर पाडणारे भांडवलदार, सगळे तेच करतात. आवडीने कुणी करत नाही. पोट लावतं.

आता ते ५० डॉलर आठवा. सोळा-सतरा वर्षांचा… नाही, अठरा वर्षांचा पोरगा दोन माणसांचं काम एकट्याने ओढत होता. स्वतःच्याच व्याख्येने तो पहिल्या प्रतीचा संपफोड्या होता, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

'देवाने साप, बेडूक आणि रक्तपिपासू घडवून झाल्यावर उरलेल्या घाणीतून संपफोड्या बनवला' हे त्याचंच वाक्य ना?

त्याच्या नावावर खपतं. जगभरच्या युनियनच्या पत्रकांत ते छापलं गेलं. १९७४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक बदनामीचा खटला आला. टपाल कामगारांच्या युनियनने युनियनबाहेरच्यांची नावं या मजकुरासोबत छापली होती. न्यायालयाने निकालात तो मजकूर जॅकच्या नावासह उद्धृत केला आणि अशी भाषा कामगार-मालक वादात चालायचीच, असं म्हणून युनियनच्या बाजूने कौल दिला.

पण जॅकच्या छापील लेखनात तो सापडत नाही, आणि त्याच्या खऱ्या निबंधाशी त्याचं पटतही नाही. निबंधातला संपफोड्या हा भुकेने लाचार झालेला माणूस आहे. पत्रकातला साप आहे. भिंतीवर चिकटवायला दुसरा जास्त सोयीचा, हे उघड आहे.

लंडन शहरातल्या गरिबीवर त्याने लिहिलं ते कोणतं पुस्तक?

'द पीपल ऑफ द अबिस', १९०३. सातव्या एडवर्ड राजाचा १९०२च्या ऑगस्टमध्ये राज्याभिषेक झाला, त्या उन्हाळ्यात जॅक काही आठवडे शहराच्या ईस्ट एंड भागात राहिला. जुन्या बाजारातून खलाशाचे कपडे घेतले आणि आत घालायच्या बंडीत, काखेपाशी, एक सोन्याचं नाणं शिवून टाकलं. वेळ पडली तर असू द्यावं म्हणून.

एक प्रसंग सांगतो. वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी आसऱ्यात, रात्रीपुरती जागा मिळावी म्हणून तो दोन म्हाताऱ्यांबरोबर माइल एंड रोडने चाललाय. एक गाडीवान, एक सुतार. दोघांनी आयुष्यभर इमानाने काम केलेलं. बोलता बोलता ते सारखे खाली वाकतायत. जॅकला वाटलं सिगारेटची थोटकं वेचत असतील. मग दिसलं की थुंकीने भरलेल्या त्या फुटपाथवरून ते संत्र्याची सालं, सफरचंदाची सालं, द्राक्षांचे देठ उचलून खातायत. आलुबुखारची बाठी दातांनी फोडून आतला गर काढतायत. आणि हे करताना गप्पा चालू आहेत, राजकारणावर.

पुढे त्याने काखेतलं ते नाणं काढलं आणि दोघांना जेवू घातलं. ते नाणं आपल्याजवळ होतं हे तो लपवत नाही, म्हणून मला हे पुस्तक पटतं. गरिबांचं सोंग घेऊन फिरणारा पत्रकार हा प्रकार मला एरवी सोसत नाही.

'द आयर्न हील'मध्ये त्याने फॅसिझमचं भाकीत केलं होतं म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. 'द आयर्न हील' म्हणजे 'पोलादी टाच', ही कादंबरी १९०८ची. रचना गमतीची आहे. एव्हिस एव्हरहार्ड ही क्रांतिकारकाची बायको आठवणी लिहिते, हस्तलिखित झाडाच्या पोकळीत राहतं आणि शतकांनी सापडतं. तोवर मानवजात सुखी झालेली आहे, आणि तेव्हाचा एक विद्वान तळटीपा देऊन जॅकच्या काळातल्या साध्या गोष्टी 'समजावून' सांगतो. कादंबरीतला सगळा विनोद या तळटीपांत आहे.

कथानक असं की समाजवादी मतपेटीतून जिंकू लागतात, तेव्हा बडे भांडवलदार लोकशाहीच गुंडाळून ठेवतात आणि भाडोत्री सैन्याच्या जोरावर राज्य करतात. त्यांची राजवट म्हणजे ही टाच. नायक अर्नेस्ट एव्हरहार्ड हा मात्र जॅकच्या स्वतःबद्दलच्या स्वप्नांचा पुतळा आहे. दंड पिळदार, वादात अजिंक्य. पहिल्या शंभर पानांत तो जेवणाच्या टेबलावर लोकांना नामोहरम करत असतो, आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो.

मग का वाचायची? दोन कारणांसाठी.

एक, जॅक्सनचा हात. गिरणीतल्या यंत्राच्या दात्यांत काहीतरी अडकलं, यंत्र बिघडू नये म्हणून जॅक्सनने हात घातला, हात गेला. भरपाई शून्य. सुखवस्तू घरातली एव्हिस हे प्रकरण खोदायला निघते. फोरमन कबूल करतो की कोर्टात आपण खोटी साक्ष दिली, कारण घरी बायको-पोरं आहेत. जॅक्सनचा स्वतःचा वकील दुबळा, कंपनीचा वकील हुशार. प्रत्येकजण खासगीत हळहळतो आणि चारचौघांत तोंड बंद ठेवतो. इथे कुणीच खलनायक नाही, म्हणून ही प्रकरणं अंगावर येतात.

दुसरं कारण, सत्ताधारी कामगार चळवळ फोडतात कशी, याचं चित्रण. बंदुका नंतर. आधी रेल्वे, पोलाद, यंत्रकाम अशा मोक्याच्या धंद्यांतल्या युनियनना भरघोस पगार, कमी तास, चांगली घरं दिली जातात. त्या कामगारांची एक वरची जात तयार होते आणि बाकीच्यांचा संप एकटा पडतो. १९०८ साली हे लिहिणं सोपं नव्हतं, कारण त्याच्या पक्षातले बरेच जण मतं वाढतायत म्हणून खुशीत होते. काहींना हे पुस्तक निराशावादी आणि घातक वाटलं. रशियन क्रांतीतला पुढारी ट्रॉट्स्की याने १९३७ला जॅकची मुलगी जोन हिला लिहिलेल्या पत्रात मात्र या दूरदृष्टीचं मनापासून कौतुक केलं. ऑर्वेललाही ती कादंबरी महत्त्वाची वाटली, लेखन कच्चं असलं तरी.

विद्यापीठांतली व्याख्यानं?

१९०५च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला कॉलेजांत समाजवाद पोचवण्यासाठी इंटरकॉलेजिएट सोशलिस्ट सोसायटी निघाली. धडपड अप्टन सिंक्लेअर या कादंबरीकाराची, अध्यक्ष जॅक. त्या हिवाळ्यात हार्वर्ड, येल असं करत तो फिरला. पैसेवाल्यांच्या पोरांपुढे उभं राहून सांगायचं की तुमच्या बापांना कारभार जमला नाही, आता आम्ही घेणार. टाळ्याही पडायच्या. वर्तमानपत्रं खवळायची.

स्वतः श्रीमंत होऊन समाजवाद सांगणं हा ढोंगीपणा नाही का?

हा प्रश्न त्यालाही आयुष्यभर विचारला गेला. व्याख्यानांच्या दौऱ्यावर सोबत नोकर असायचा. ग्लेन एलनला हजार एकरांवर शेतजमीन झाली. 'वुल्फ हाउस' नावाचा दगडी वाडा बांधला, तो राहायला जायच्या आधीच १९१३च्या ऑगस्टमध्ये जळाला.

त्याचं उत्तर साधारण असं की हे मी कुणाचं लुबाडून नाही, रोज हजार शब्द लिहून कमावलंय. उत्तर अर्धवट आहे, कारण शेतावर मजूर होतेच. पण मला यात ढोंगापेक्षा ती जुनी भीती दिसते. अंगमेहनत जितकी टाळता येईल तितकी टाळायची, अशी शपथच त्याने खड्डा पाहिल्यावर घेतली होती, आणि ती त्याने छापूनही टाकली होती.

तो वर्णद्वेष्टा होता का?

होता. याला सारवासारव नको.

१९०४ला रशिया-जपान युद्धाचा वार्ताहर म्हणून तो गेला आणि 'पिवळा धोका' या मथळ्याचा लेख लिहिला. आपण आधी गोरे आणि मग समाजवादी, असं पक्षाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणाल्याची आठवण सांगतात. आशियाई मजूर नकोत म्हणणारे त्या पक्षात इतरही होते, पण म्हणून त्याचं माफ होत नाही.

गंमत अशी की कथा लिहायला बसला की हाच माणूस बदलतो. १९०९च्या 'द चिनागो'मध्ये ताहितीतल्या मळ्यावरचा आह चो हा निरपराध चिनी मजूर गिलोटिनखाली जातो. भलत्याच माणसाला आणलंय हे साहेबांना कळतं, पण आता कुठे परत न्या म्हणून उरकून टाकतात. १९११ला त्याने मेक्सिकोच्या बंडखोरांना जाहीर पत्र लिहिलं, आम्ही समाजवादी, भटके, कोंबडीचोर, सगळे मनाने तुमच्यासोबत आहोत. तीनच वर्षांनी 'कॉलिअर्स' साप्ताहिकासाठी व्हेराक्रूझहून बातम्या पाठवताना तो अमेरिकी लष्कराचे गोडवे गात होता. त्याच्या कोंबडीचोर मित्रांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पक्ष का सोडला?

७ मार्च १९१६ला होनोलुलूहून राजीनामा पाठवला. कारण लिहिलं, पक्षात आग उरली नाही, लढण्याची धमक उरली नाही, वर्गसंघर्षावरचा जोर गेला. म्हणजे तो उजवीकडे सरकला म्हणून नव्हे, पक्ष मवाळ झाला म्हणून. निदान कागदावर. पण महायुद्धात तो दोस्तांच्या बाजूचा होता आणि पक्ष युद्धाच्या विरोधात, हेही ध्यानात घ्यावं. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला तो गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी आहे. भगतसिंगांच्या तुरुंगातल्या वहीत 'द आयर्न हील'मधले उतारे उतरवून घेतलेले आहेत.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातला. लाला हरदयाळ तिथे होते, सॅन फ्रान्सिस्कोत वॉब्लींच्या शाखेचं काम पाहायचे आणि १९१३ला गदर चळवळीच्या उभारणीत पुढे होते. जॅकच्या १९१६च्या एका कादंबरीत, शेतावरच्या बैठकीत तत्त्वज्ञान झोडणारा एक भारतीय क्रांतिकारक येतो, त्याचं नाव दार ह्याल. अक्षरांची अदलाबदल करायचीही फारशी तसदी घेतलेली नाही. त्याच गदरमध्ये वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते आणि १९१५ला लाहोरला फाशी गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही.

रशियात तर जॅक घरोघर वाचला गेला. लेनिनच्या शेवटच्या दिवसांत त्याची बायको क्रुप्स्काया त्याला जॅकची गोष्ट वाचून दाखवत होती, बर्फात उपाशी माणूस आणि आजारी लांडगा एकमेकांच्या मरणाची वाट पाहतात ती. ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी दुसरी वाचली, ती भाबडी निघाली, लेनिनने हसून हात उडवला.

एकच वाचायचं तर काय?

'द अपोस्टेट', १९०६ची कथा. जॉनी नावाचा पोरगा तागाच्या गिरणीत बॉबिनवर सुताच्या गाठी मारतो. त्याचा जन्मच मागाच्या खोलीत झालेला, पहिल्या श्वासाबरोबर तागाचा भुरा छातीत गेला आणि पहिल्या दिवशीच खोकला लागला. त्याच्याइतक्या गाठी कुणी मारत नाही, साहेब पाहुण्यांना आणून त्याची चलाखी दाखवतात. मग तो आजारी पडतो, काही दिवस घरी राहतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला बसायला वेळ मिळतो. तो हिशेब मांडतो, आजवर आपण किती हालचाली केल्या. गाठीला इतक्या, दिवसाला इतक्या, वर्षाला इतक्या. आकडा कोटींवर जातो. आई विचारते, कामावर कधी जाणार. तो पायरीवर बसून रस्त्यापलीकडच्या एकुलत्या एका झाडाकडे बघत असतो.